सरावाने घडणारा सोबती : ‘तुल्पा’मागचे मानसशास्त्र आणि नवशिक्यांसाठी पथ्ये

मनातल्या वादाचे कोडे

रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर दिवसा झालेल्या वादाची मनात उजळणी सुरू होते, तेव्हा स्वतःच्या वाक्यांबरोबर समोरच्या व्यक्तीची उत्तरेही ऐकू येतात, आणि तीही तिच्याच ठसक्यात, तिच्याच लकबींसह. ही सारी उत्तरे रचणारे मन एकच असते; तरीही त्यांतील एखादे उत्तर इतके अनपेक्षित आणि झोंबणारे असते, की ते आपण रचले यापेक्षा आपल्याला ऐकवले गेले असेच माणसाला वाटते. एकाच मनात बोलणारा आणि ऐकणारा असे दोघे कसे नांदतात, आणि एकाची करणी दुसऱ्याला परकी का वाटते, हे कोडे वरवर किरकोळ दिसले तरी मानसशास्त्रातील काही महत्त्वाचे प्रयोग त्याच्याभोवतीच फिरतात.

या रोजच्या अनुभवाला कोणी जाणीवपूर्वक, नियमाने आणि महिनोन्‌महिने खतपाणी घातले, तर मनात एक असा सोबती घडू शकतो, जो स्वतःच्या स्वभावाने वागतो, न विचारता बोलतो आणि ज्याचे बोलणे घडवणाऱ्यालाच अनपेक्षित वाटते. अशा सोबत्याला ‘तुल्पा’ म्हणतात. तो घडवणाऱ्या व्यक्तीसाठी या लेखात ‘साधक’ हा शब्द वापरला आहे. तुल्पा म्हणजे बाहेरून येणारी शक्ती असे मानण्यास कोणताही भक्कम पुरावा नाही, पण ते निव्वळ सोंग आहे असे म्हणणेही साधकांच्या अनुभवाला धरून होत नाही. कल्पनाशक्तीच्या दीर्घ सरावाने ‘हे माझे मीच केले’ ही जाणीव कशी सैल होते, हे समजले की तुल्पाचे बरेचसे गूढ उलगडते आणि नवशिक्याने कोणती काळजी घ्यावी, तेही स्पष्ट होते.

तिबेटपासून आजपर्यंत

महायान बौद्ध परंपरेत बुद्धाच्या तीन कायांपैकी एक ‘निर्माणकाय’ मानली जाते. लोकांच्या कल्याणासाठी धारण केलेले दृश्य रूप, असा तिचा आशय आहे. तिबेटी भाषेत या कल्पनेशी जोडलेला जो शब्द होता, तोच पुढे पाश्चात्त्य लेखकांच्या हाती जाऊन ‘तुल्पा’ या रूपात रूढ झाला. मात्र आजचा अर्थ सरळ तिबेटहून आलेला नाही. ॲनी बेझंट आणि चार्ल्स लेडबीटर या थिऑसफिस्ट लेखकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी विचारांना सूक्ष्म आकार असतो, असा सिद्धांत मांडला होता. नताशा मिकल्स आणि जोसेफ लेकॉक या धर्म-अभ्यासकांनी २०१५ साली दाखवून दिले, की तुल्पाच्या आधुनिक कल्पनेवर तिबेटी बौद्ध धर्मापेक्षा थिऑसफीचाच ठसा अधिक आहे.

ही कल्पना जगभर पोहोचवण्याचे श्रेय मुख्यतः अलेक्झांड्रा डेव्हिड-नील या फ्रेंच प्रवासिनीकडे जाते. परकीयांना बंदी असलेल्या ल्हासा शहरात त्या १९२४ साली वेषांतर करून पोहोचल्या होत्या. तिबेटमधील गूढ साधनांवरच्या त्यांच्या १९२९ सालच्या पुस्तकात त्यांनी स्वतः केलेल्या प्रयोगाचे वर्णन आहे. देवदेवतांच्या प्रतिमांचा मनावर आधीच पगडा असेल म्हणून त्या टाळून त्यांनी एक बुटका, लठ्ठ, भोळा आणि हसतमुख भिक्षू निवडला, आणि एकांतात ध्यान व ठरावीक विधी सुरू ठेवले. काही महिन्यांनी तो भिक्षू त्यांना दिसू लागला, पुढे घरातल्या पाहुण्यासारखा वावरू लागला आणि त्यांनी तंबू घेऊन प्रवासाला प्रस्थान ठेवले तेव्हा आठवण न काढताही त्यांच्यासोबत चालू लागला. हळूहळू त्याचे गुबगुबीत गाल ओसरले आणि चेहऱ्यावर कुत्सित, धूर्त भाव आले. लोणी घेऊन आलेल्या एका गुराख्याला तो तंबूत बसलेला खराखुरा लामा वाटला, असेही त्या सांगतात. त्याला नाहीसे करण्यास त्यांना सहा महिने झगडावे लागले. स्वतः निर्माण केलेला भास, असे स्पष्टीकरण शक्य असल्याचे त्यांनी त्याच पुस्तकात मान्य केले आहे. ही हकिकत त्यांच्या एकटीच्या शब्दावर उभी आहे, हे खरे. परंतु घडवायला लागलेला वेळ, आपोआप होणारा वावर आणि मोडताना झालेला त्रास, हे तिच्यातील तीन धागे आजच्या साधकांच्या निवेदनांतही पुन्हा पुन्हा आढळतात.

अलीकडच्या काळात, साधारणपणे २०१० नंतर, इंटरनेटमुळे ही साधना पाश्चात्त्य देशांतील तरुणांमध्ये पसरली. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे मानववंशशास्त्रज्ञ सॅम्युएल व्हेसिएर यांनी या तरुणांचा अभ्यास करून २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. हे साधक प्रामुख्याने शहरी आणि विशीच्या आसपासचे होते. एकाकीपणा आणि चारचौघांत बुजण्याचा स्वभाव त्यांच्यात बराच आढळला, आणि तुल्पामुळे आयुष्य सुधारल्याचे त्यांतील बहुतेकांनी सांगितले. ही माहिती स्वेच्छेने पुढे आलेल्या व्यक्तींनी स्वतःविषयी दिलेली असल्यामुळे तिच्यावरून तुल्पाला उपचार ठरवता येत नाही, एवढे भान मात्र ठेवले पाहिजे.

‘हे मी केले’ असे मनाला कसे कळते?

स्वतःच्या बोटांनी स्वतःला गुदगुल्या होत नाहीत, याचे कारण असे, की हालचालीची आज्ञा देतानाच मेंदू तिच्यामुळे काय जाणवेल याचा अंदाज बांधून ठेवतो आणि अंदाजाशी जुळणारी संवेदना सौम्य करतो. सारा-जेन ब्लेकमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये १९९०च्या दशकाअखेरीस यंत्राच्या मदतीने हे तपासले. व्यक्तीच्या हाताची हालचाल आणि तिच्या तळहातावर होणारा स्पर्श यांत त्यांनी सेकंदाच्या काही अंशांचा विलंब आणला, आणि विलंब जसजसा वाढला तसतसा स्वतःचाच स्पर्श अधिक गुदगुल्या करू लागला. अंदाज आणि अनुभव यांचा मेळ बसला की कृती आपली वाटते, मेळ तुटला की ती परकी वाटते, असा याचा अर्थ. मनातल्या मनात उच्चारलेल्या शब्दांनाही अशीच यंत्रणा लागू होत असावी, असे अनेक संशोधकांचे मत आहे.

मात्र कर्तेपणाची जाणीव फसू शकते. महाराष्ट्रातील अनेक घरांत कधीतरी झालेले प्लँचेट हे त्याचे परिचित उदाहरण होय. अक्षरे लिहिलेल्या कागदावर पालथी वाटी ठेवून तिच्यावर बोटे टेकवली की वाटी सरकते, आणि आपण ती ढकलली नाही, असे प्रत्येकजण प्रामाणिकपणे सांगतो. विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १८५२ साली याचे मूळ सांगितले : एखाद्या हालचालीची कल्पना किंवा अपेक्षा तीव्र असली, तर इच्छा न करताही स्नायू ती हालचाल सूक्ष्म प्रमाणात करून टाकतात. पुढच्याच वर्षी मायकेल फॅरेडे यांनी आपोआप फिरणाऱ्या टेबलांची परीक्षा केली. टेबल आणि हात यांच्यामध्ये त्यांनी पुठ्ठ्याचे सरकू शकणारे थर ठेवले, तेव्हा टेबलाआधी हातच सरकत असल्याचे उघड झाले. आणि हाताचा कल दाखवणारा काटा बसलेल्यांच्या नजरेसमोर ठेवताच टेबल फिरेनासे झाले. न कळत होणारी कृती निरखून पाहू लागताच थांबते, ही फॅरेडे यांच्या काट्याची शिकवण तुल्पाच्या संदर्भात पुढे उपयोगी पडणार आहे.

कल्पना आणि प्रत्यक्ष यांच्यातील सीमाही वाटते तितकी पक्की नसते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात चेव्हज पर्की यांनी १९१० साली काही व्यक्तींना काचेच्या पडद्याकडे पाहत केळे, टोमॅटो, पान अशा वस्तूंची कल्पना करायला सांगितले आणि त्यांच्या नकळत त्याच वस्तूंची अत्यंत फिकी चित्रे पडद्यावर टाकली. पाहणाऱ्यांनी ती चित्रे स्वतःचीच कल्पना समजली. काहींना तर केळे आडवे कल्पिले असताना ते उभे कसे दिसते, याचे नवल वाटले, तरी चित्र बाहेरून येत असल्याची शंका त्यांच्या मनाला शिवली नाही. ‘हे आतले’ आणि ‘हे बाहेरचे’ असा शिक्का मन नंतर मारते आणि तो चुकू शकतो, हे यावरून दिसते.

सरावाने काय बदलते?

पोळी लाटायला शिकणाऱ्याचे लक्ष सुरुवातीला लाटण्याच्या प्रत्येक फेरीकडे असते. सवय झाल्यावर मात्र हात आपले काम करत राहतात, तोंडाने गप्पा चालू असतात आणि पोळी गोल झालेली नंतर दिसते. काम तेच, करणारे हातही तेच, पण आता त्यामागचा प्रयत्न जाणवत नाही. एखाद्या स्वभावाच्या दृष्टीने उत्तरे तयार करणे, ही क्रियाही अशीच सवयीची होते. आणि प्रयत्न जाणवेनासा झाला की कर्तेपणाची खूणच हरवते, तयार उत्तर तेवढे जाणिवेत उतरते.

याला पूरक पुरावा कथालेखकांकडून मिळतो. ऑरेगन विद्यापीठाच्या मार्जोरी टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५० कथालेखकांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा पात्रे स्वतःच्या मर्जीने बोलतात-वागतात असा अनुभव थोड्याफार प्रमाणात येत असल्याचे ९२ टक्के लेखकांनी सांगितले. टेलर यांच्याच एका अभ्यासात सातव्या वर्षापर्यंत ६५ टक्के मुलांचा कधी ना कधी काल्पनिक सवंगडी असल्याचे आढळले होते, आणि तो खरा नाही हे मुलांना सहसा ठाऊक असते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या तान्या लुहरमन यांनी अमेरिकी ख्रिस्ती भाविकांवर केलेला प्रयोग तर थेट सरावाविषयीचा आहे. भाविकांच्या एका गटाने चार आठवडे, आठवड्यातील सहा दिवस, रोज अर्धा तास बायबलमधील प्रसंग पंचेंद्रियांनी अनुभवल्यासारखे कल्पिण्याची प्रार्थना केली, तर दुसऱ्या गटाने तेवढाच वेळ धर्मविषयक व्याख्याने ऐकली. पहिल्या गटाची मनश्चित्रे अधिक ठसठशीत झाली आणि ईश्वराच्या सान्निध्याचे अनुभवही त्यांनी अधिक सांगितले. कल्पनेत रंगून जाण्याची क्षमता प्रत्येकाची वेगळी असते, पण सरावाने ती वाढते, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

नवशिक्यासाठी क्रम

पहिली पायरी हेतू निश्चित करण्याची आहे. मनातील सोबती हवा कशासाठी, हा प्रश्न वहीत लिहून त्याचे उत्तरही लिहावे. केवळ कुतूहल असेल तर ते काही आठवड्यांत ओसरते. माणसांपासून पळण्यासाठी साधना सुरू केली तर ती मूळ दुखणेच वाढवू शकते. घडलेला सोबती मनातून सहज पुसता येतो असे गृहीत धरू नये, कारण पक्क्या झालेल्या सवयी मोडण्यास वेळ लागतो.

दुसरी पायरी स्वभावाची. तीन-चार ठळक गुण पुरेसे होतात : उदाहरणार्थ, शांत, मिश्कील, स्पष्टवक्ता. प्रत्येक गुणासाठी एखादा प्रसंग कल्पून त्यात सोबती कसा वागेल, ते ठरवावे, कारण नुसत्या विशेषणांपेक्षा वागण्यातून स्वभाव मनात लवकर रुजतो. ओळखीच्या जिवंत किंवा दिवंगत व्यक्तीची नक्कल करणे टाळावे. दुःखाच्या काळात तसे केल्यास वियोग स्वीकारणे अवघड होते. पुढे स्वभाव ठरवल्यापेक्षा वेगळा होत गेला, तर त्याला आडकाठी करू नये, असे अनुभवी साधक सांगतात.

तिसरी पायरी रूपाची आहे. मराठी वाचकाला यासाठी मानसपूजेचा नमुना परिचयाचा आहे : आसन, स्नान, गंध, फुले, धूप, नैवेद्य असे उपचार मनातच क्रमाने अर्पण करताना स्पर्श, वास, रंग आणि चव यांची एकामागून एक उजळणी होते, आणि त्यामुळे चंचल मन एका मूर्तीवर स्थिरावते. तुल्पाच्या साधनेचा हेतू भक्तीचा नसला तरी क्रम उपयोगी आहे. एका बैठकीत फक्त चेहरा, दुसऱ्या बैठकीत आवाजाचा पोत, तिसऱ्या बैठकीत चालण्याची ढब, असे काम वाटून घ्यावे. काहींना मनात चित्र दिसतच नाही. या स्थितीला ‘अफँटेशिया’ हे नाव ॲडम झेमन यांनी २०१५ साली दिले. अशा व्यक्तीने चित्राचा आग्रह सोडून ‘शेजारी कोणीतरी बसले आहे’ या जाणिवेवर आणि बोलण्यावर भर द्यावा.

चौथी पायरी संवादाची, आणि बहुतेक वेळ हिच्यासाठीच खर्ची पडतो. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी वीस ते तीस मिनिटे बसून सोबत्याशी मनात बोलावे. दिवसभरातील घटना सांगाव्यात, एखादे पान वाचून दाखवावे. ‘हो’ किंवा ‘नाही’ या उत्तरावर संपणारे प्रश्न विचारू नयेत. ‘या पात्राचे वागणे तुला कसे वाटले?’ असा मोकळा प्रश्न विचारून काही श्वासांइतका वेळ मन रिकामे ठेवावे. भांडी घासताना किंवा फिरताना अधूनमधून बोलणे चालते. वाहन चालवताना, यंत्रावर काम करताना आणि लहान मुलांवर लक्ष ठेवताना मात्र ही साधना पूर्णपणे वर्ज्य आहे.

पहिली उत्तरे शब्दांत येतीलच असे नाही. अचानक उमटलेली भावना, प्रसंगाशी न जुळणारे एखादे चित्र, डोक्यात जाणवणारा हलका दाब अशी वर्णने साधक करतात. त्यांची तारखेसह थोडक्यात नोंद ठेवावी. काहींना काही आठवड्यांत, तर अनेकांना कित्येक महिन्यांनी शब्द ऐकू येऊ लागतात. उशीर होणे हे अपयशाचे लक्षण नाही.

‘मीच तर बोलत नाही ना?’

प्रत्येक नवशिक्याला ही शंका छळते. शंकेने साधना बिघडते, म्हणून प्रत्येक उत्तर सोबत्याचेच मानावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. व्यवहारात तो लागू पडतो, आणि त्याचे कारण फॅरेडे यांच्या काट्याने आधीच दाखवले आहे : उत्तर येत असतानाच त्याच्या उगमावर नजर रोखली, तर सहज चालणारी क्रिया पुन्हा प्रयत्नाची होते आणि थांबते. परंतु याच सल्ल्याची दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. जे जे येईल ते दुसऱ्याचे मानायचे ठरवले, की ‘दुसरेपणा’ सिद्ध करणारा कोणताही पुरावा उरत नाही. अपेक्षाच अनुभव घडवू लागते. यावर शहाणपणाचा मार्ग असा, की बैठकीत शंका बाजूला ठेवावी आणि बैठकीनंतर वही उघडून ती शांतपणे विचारात घ्यावी. साधकाला मुळीच माहीत नसलेली माहिती तुल्पाने दिल्याचे विश्वासार्ह उदाहरण उपलब्ध नाही. त्यामुळे औषध, पैसा, नोकरी किंवा नातेसंबंध यांविषयी त्याचा सल्ला स्वतःच्याच दुसऱ्या विचाराइतकाच मोलाचा समजावा, त्याहून अधिक नाही.

कोणी करू नये आणि केव्हा थांबावे

तुल्पा आणि मानसिक आजार या दोन गोष्टी एक नाहीत. छिन्नमनस्कतेत, म्हणजे स्किझोफ्रेनियात, आवाज बहुधा नको असताना येतात, धमकावतात आणि रोजचे जगणे विस्कटून टाकतात. तुल्पा मात्र हौसेने, वेळ देऊन घडवला जातो आणि साधकाला त्याचे मानसिक स्वरूप माहीत असते. तथापि कल्पना आणि प्रत्यक्ष यांचे शिक्के आधीच डळमळीत असलेल्या मनाला ते आणखी सैल करण्याचा सराव देणे धोक्याचे आहे. स्वतःला किंवा जवळच्या रक्ताच्या नात्यात छिन्नमनस्कता, उन्माद किंवा तीव्र भास यांचा इतिहास असलेल्यांनी, तसेच अल्पवयीन मुलांनी, ही साधना करू नये. सोबत्याला प्रत्यक्ष खोलीत उघड्या डोळ्यांनी पाहण्याचा पुढचा सराव नवशिक्याने हाती घेऊ नये. जागरण, उपवास किंवा नशा यांची जोड तर कधीच देऊ नये.

तिबेटी वज्रयान साधनेतील एक शिस्त येथे अनुकरणीय ठरते. ‘उत्पत्तिक्रम’ नावाच्या टप्प्यात साधक इष्टदेवतेचे रूप दागिन्यांच्या तपशिलापर्यंत मनात उभे करतो, आणि बैठकीअखेर तेच रूप शून्यतेत विरघळवतो, जेणेकरून मनाने घडवलेली आकृती स्वतंत्र वस्तू असल्याचा समज पक्का होऊ नये. नवशिक्याने प्रत्येक बैठकीला असाच ठरावीक शेवट द्यावा : सोबत्याचा निरोप घेणे, डोळे उघडून खोलीतील पाच वस्तूंची नावे घेणे, पाणी पिणे आणि लगेच हाताने करायच्या एखाद्या कामाला लागणे.

> थोडक्यात
> - तुल्पा म्हणजे सरावाने इतका सहज झालेला काल्पनिक सोबती, की त्याची उत्तरे स्वतःची वाटत नाहीत.
> - रोज वीस ते तीस मिनिटे, ठरलेली जागा, आधी स्वभाव, मग रूप, मग संवाद.
> - बैठकीत शंका बाजूला. बैठकीनंतर वहीत विचार.
> - वाहन, यंत्र, जागरण आणि नशा यांच्यासोबत साधना वर्ज्य.
> - आवाज आज्ञा देऊ लागला, झोप उडाली, भीती वाटू लागली किंवा माणसे टाळावीशी वाटली, तर साधना त्वरित थांबवून मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. भारतात शासनाची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

साधना मानवते आहे की नाही, हे सोबती किती स्पष्ट बोलतो यावरून ठरवू नये. महिन्याअखेर एक आठवडा ती पूर्णपणे बंद ठेवून पाहावी : त्या आठवड्यात झोप, काम आणि घरच्यांशी बोलणे सुरळीत राहिले, तर कल्पना साधकाच्या ताब्यात आहे, राहिले नाही, तर पुढची पायरी चढण्याऐवजी सोबत्याला दिलेला वेळ मित्रांना आणि घरातल्या माणसांना द्यावा.